फेअर : गोरा, रास्त की नुसता बरा?

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच इंग्रजी विशेषणाभोवती फिरणारी निघाली. चोपडा तालुक्यातील एक शेतकरी, पारोळ्याच्या एक शिक्षिका, भुसावळच्या एक गृहिणी आणि शहाद्याचा एक महाविद्यालयीन विद्यार्थी या चौघांनीही ‘फेअर’ या शब्दाविषयीच विचारले आहे. त्यामुळे बाकीची पत्रे पुढच्या अंकासाठी राखून ठेवली आहेत आणि या वेळची सगळी जागा या एका शब्दाला दिली आहे.

प्रश्न : २०२४-२५ च्या हंगामात आम्ही कापसाची गाडी हमीभावाच्या खरेदी केंद्रावर नेली होती. ग्रेडरने गाडीत कोपरापर्यंत हात घालून तळाचा कापूस वर काढला, त्यात ओलावा मोजण्याचे यंत्र खुपसले, आकडा १४ आल्याचे दाखवले आणि ‘हा माल एफएक्यूमध्ये बसत नाही’ असे सांगून गाडी काट्यावर घेतलीच नाही. एफएक्यू म्हणजे काय, असे विचारल्यावर ‘फेअर ॲव्हरेज क्वालिटी’ एवढेच उत्तर मिळाले. घरी पुतण्याने मोबाइलमध्ये पाहून सांगितले की, एफएक्यू म्हणजे वारंवार विचारले जाणारे प्रश्न. पारावर एक जण म्हणाले, फेअर म्हणजे एक नंबर माल. दुसरे म्हणाले, फेअर म्हणजे न्यायाचा भाव. आमची आई म्हणाली, फेअर म्हणजे गोरा, आणि आपला कापूस तर पांढराफेक होता. यांपैकी खरे कोणाचे?

उत्तर : आपल्या मातोश्रींचा युक्तिवाद मला सर्वांत आवडला, कारण शब्दाचे मूळ पाहिले तर चौघांमध्ये त्याच त्याच्या अधिक जवळ पोहोचल्या आहेत. जुन्या इंग्रजीत हा शब्द ‘देखणा, डोळ्यांना सुखावणारा’ या अर्थाने वापरला जाई. पुढे त्याला ‘डाग नसलेला’, ‘ढग नसलेला’, ‘काळेपणा नसलेला’, ‘पक्षपात नसलेला’ अशा अर्थांच्या फांद्या फुटत गेल्या. या सगळ्या अर्थांत ‘नसलेला’ हा शब्द पुन्हापुन्हा येतो आहे, याकडे आपले लक्ष वेधतो. अमुक एक खोट येथे नाही, एवढेच ‘फेअर’ सांगतो. कोणती खोट, हे त्याच्या पुढे येणाऱ्या नामावरून ओळखावे लागते. हवामान फेअर असेल तर आभाळ स्वच्छ असते आणि पंच फेअर असेल तर तो कोणाच्या बाजूचा नसतो.

आपली गाडी ज्या अर्थामुळे परत आली तो अर्थ मात्र आणखी निराळा आहे. स्तुतीचा शब्द रोज वापरला की झिजतो आणि ‘फेअर’ही तसाच झिजला. सुंदर, मग चांगला, मग बरा, अशा पायऱ्या उतरत तो मधल्या पायरीवर येऊन थांबला. इंग्रजीत एखाद्या गोष्टीची प्रत ठरवताना एक्सलंट, गुड, फेअर आणि पुअर अशी उतरंड लावतात, तीत फेअरचा क्रमांक तिसरा असतो, म्हणजे ‘चांगल्या’च्याही खाली. पारावरच्या पहिल्या गृहस्थांची गल्लत येथे झाली आहे.

या घसरणीचे आपल्याला नवल वाटायचे कारण नाही, कारण आपल्या भाषेत ‘बरवा’चे नेमके हेच झाले आहे. संतांच्या मराठीत बरवा म्हणजे सुंदर, उत्तम. आणि त्याच कुळातला आजचा ‘बरा’ पाहा. निकाल कसा लागला, या प्रश्नाला ‘बरा लागला’ असे उत्तर आले की पेढे मागायचे धाडस कोणी करत नाही. आजारपणातून उठलेल्या माणसाला आपण अहिराणीत तब्येत विचारावी आणि त्याने ‘बरी शे’ म्हणावे, तेव्हा तब्येत फार उत्तम आहे असे त्याला म्हणायचे नसते. काळजीचे कारण उरलेले नाही, एवढेच तो सांगत असतो. प्रतवारीतल्या ‘फेअर’ला मराठीत याहून चपखल शब्द मला सापडलेला नाही. ‘फेअरली’ या क्रियाविशेषणाला तर आपला ‘बऱ्यापैकी’ असा बसतो की, दोन्ही एकाच साच्यातून काढल्यासारखे वाटतात. ‘पाऊस बऱ्यापैकी झाला’ या वाक्यातली सावध समाधानाची छटा त्या इंग्रजी शब्दातही तशीच आहे.

आता ‘फेअर ॲव्हरेज क्वालिटी’ हा तीन शब्दांचा समूह पाहू. हा धान्य-व्यापारातला जुना शब्दप्रयोग आहे. ऑस्ट्रेलियातल्या गव्हाच्या व्यापारात त्या त्या हंगामातल्या पिकाचे ठिकठिकाणचे नमुने एकत्र करून त्या वर्षीचा ‘एफएक्यू’ नमुना ठरवला जाई आणि माल त्याच्याशी ताडून पाहिला जाई. म्हणजे सगळ्यांत सरस मालाशी तुलना नाही आणि सगळ्यांत हलक्याशीही नाही. त्या वर्षी शेतकऱ्याच्या घरात सर्वसाधारणपणे जसे पीक आले, त्याची खरी सरासरी. या प्रयोगातला ‘फेअर’ त्यामुळे दुहेरी काम करतो. ‘बऱ्यापैकी’ हा अर्थ तर आहेच, शिवाय ‘खरी, लबाडी न करता काढलेली सरासरी’ हाही आहे. मराठीत त्याला ‘सर्वसाधारण बऱ्या प्रतीचा माल’ असे म्हणता येईल. कापसापुरते बोलायचे तर कवडी (म्हणजे किडका, नासका कापूस) आणि पालापाचोळा मिसळलेला नसावा आणि ओल ठरलेल्या मर्यादेत असावी, असा त्याचा व्यवहारातला अर्थ होतो.

ही मर्यादा आकड्यांत सांगतो, म्हणजे विशेषणाचा अर्थ काट्यावर कसा उतरतो ते दिसेल. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. हा पूर्ण भाव ८ टक्क्यांपर्यंत ओल असलेल्या मालाला होता. त्यापुढे दर टक्क्यामागे भावाच्या एक टक्का, म्हणजे ७५ रुपये २१ पैसे कमी होत आणि १२ टक्के ओल असलेल्या मालाला ७,२२० रुपये १६ पैसे पडत. त्यावरचा माल एफएक्यूच्या बाहेर. आपल्या कापसाचा आकडा १४ होता. पांढराफेक दिसणारा कापूस ओला असू शकतो आणि पहाटेच्या दवात वेचलेला तर असतोच, हे आपल्याला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. ‘बसत नाही’ या ग्रेडरच्या शब्दांना म्हणूनच माझी हरकत नाही. हरकत आहे ती याला की, ज्या तीन अक्षरांवर माणसाची गाडी परत जाते त्या अक्षरांचा अर्थ त्याला पारावर विचारत बसावे लागते. ‘ओल ८ टक्के : पूर्ण भाव, १२ टक्क्यांच्या वर : खरेदी नाही’ एवढे मराठीत फाटकावर लिहायला एक फळा आणि खडू पुरला असता.

पारावरच्या दुसऱ्या गृहस्थांचा ‘न्यायाचा भाव’ हा अर्थ खोटा नाही, फक्त तो दुसऱ्या ठिकाणचा आहे. ‘फेअर’ हे विशेषण ‘क्वालिटी’ला लागले की ‘बरा’ आणि ‘प्राइस’ला लागले की ‘रास्त’. उसाच्या बाबतीत २००९ पासून ‘वैधानिक किमान भावा’ऐवजी जो एफआरपी आला, त्यातला एफ हाच, आणि मराठीत त्याला ‘रास्त आणि किफायतशीर दर’ म्हणतात. भूसंपादनाच्या २०१३ च्या कायद्याच्या इंग्रजी नावातही ‘फेअर कॉम्पेन्सेशन’ आहे. तेथे आपण ‘उचित भरपाई’ म्हणतो. रास्त हा फारसीतून आलेला शब्द असून त्याचा मूळ अर्थ सरळ, खरा असा आहे, तर वाजवी हा अरबीतल्या ‘वाजिब’चा मराठी अवतार आहे. दोन्ही शब्द ‘फेअर’च्या या अर्थाला उत्तम पेलतात.

येथे एक गोष्ट मला नेहमी खटकते, ती सांगून टाकतो. ज्याला आपण अजूनही ‘कंट्रोल’ म्हणतो त्या रेशनच्या दुकानाचे इंग्रजी नाव ‘फेअर प्राइस शॉप’ आहे. काही पाट्यांवर त्याचे ‘रास्त भाव दुकान’ असे नेमके भाषांतर असते आणि काही पाट्यांवर ‘स्वस्त धान्य दुकान’ असे लिहिलेले असते. रास्त आणि स्वस्त यांत यमक जुळते, अर्थ जुळत नाही. व्यापाऱ्याने दोन हजार रुपयांनी पाडून मागितलेला कापूस त्याला स्वस्त पडतो, पण तो भाव रास्त होत नाही.

राहता राहिले आपले पुतणे. त्यांचेही बरोबरच आहे. त्यांच्या मोबाइलमध्ये एफएक्यूचा तोच अर्थ आहे. फक्त त्या अर्थाने कापूस विकता येत नाही.

प्रश्न : आमच्या शाळेत मुलांच्या रफ आणि फेअर अशा दोन वह्या असतात. पाचवीतल्या एका मुलीने मला विचारले, ‘बाई, फेअर वही म्हणजे गोरी वही का?’ मी हसून वेळ मारून नेली. पण मधल्या सुट्टीत हीच मुले ‘धिस इज नॉट फेअर’ असे ओरडताना ऐकली आणि प्रश्न मनात राहिला. वहीतला फेअर आणि खेळातला फेअर एकच आहे का? आणि मुलांनी मराठीत काय म्हणावे?

उत्तर : एकच आहे, आणि ती मुलगी हुशार आहे. फेअर वही म्हणजे खाडाखोड, डाग, गिचमीड नसलेली वही. जुनी मंडळी तिला ‘पक्की वही’ म्हणत. आपण तर या विशेषणाचे सरळ क्रियापद करून टाकले आहे. ‘निबंध फेअर करून आण’ असे बाई सांगतात आणि कचेरीत मसुद्यावर साहेबांची दुरुस्ती झाली की ‘आता हे फेअर करा’ असा शेरा मिळतो. इंग्रजीत ‘फेअर कॉपी’ हे नाम आहे, ‘फेअर करणे’ ही मात्र आपली घरची घडण आहे आणि ती इतकी रुळली आहे की, तिला नावे ठेवण्यात अर्थ नाही.

या वहीची धास्ती काय असते, हे मला चांगले आठवते. सातवीत असताना दौतीत बुडवलेला टाक पानावर नेताना त्याच्या टोकावरून शाईचा एक थेंब ओघळून थेट समासाच्या रेषेवर पडला. टिपकागद दाबला, तेव्हा थेंबाचा बाजरीच्या भाकरीसारखा वाटोळा डाग झाला. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी मजकुराकडे पाहिलेही नाही. लाल पेन्सिलीने डागाभोवती गोल काढला आणि ‘पुन्हा फेअर’ एवढे लिहून वही परत केली. निबंध चांगला आहे की वाईट, हा प्रश्नच नव्हता. डाग आहे, म्हणून फेअर नाही.

खेळातही हाच हिशोब आहे. तेथे डाग म्हणजे लबाडी किंवा नियमभंग. क्रिकेटच्या नियमावलीत ‘अनफेअर प्ले’ या नावाचा एक स्वतंत्र नियम आहे, सध्याच्या क्रमाने ४१ वा. मराठी मुलांना यासाठी शब्द शोधायला दूर जावे लागणार नाही. ‘रडीचा डाव’ हा आपल्याकडचा पक्का, मैदानावर तयार झालेला शब्द आहे आणि हरायला लागल्यावर नियम बदलणाऱ्या गड्याचा चेहरा त्यात जसा दिसतो तसा इंग्रजी शब्दात दिसत नाही. ‘अन्याय’ हा शब्द मात्र गोट्या-लगोरीच्या डावाला जड होतो.

पण मुले हा शब्द आणखी एका प्रसंगी वापरतात, आणि शिक्षिका म्हणून आपल्याला तोच अधिक उपयोगी पडेल. ‘त्याला दोन चिक्क्या, मला एक, नॉट फेअर.’ येथे फेअर म्हणजे समान, असे मूल धरून चालते. मोठ्यांच्या इंग्रजीत मात्र ‘इक्वल’ आणि ‘फेअर’ हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि हा फरक मला आपल्याकडच्या शेताच्या वाटणीवरून समजावणे सोपे वाटते. दोन भावांत आठ एकरांची चार-चार एकर अशी वाटणी झाली, म्हणजे ती समान झाली. पण एकाच्या वाट्याला तापीकाठची विहिरीसकट काळी जमीन आली आणि दुसऱ्याच्या वाट्याला पायथ्याची बरड आली, तर ती रास्त झाली का? गावातले पंच अशा वेळी बरडवाल्याला दोन एकर वाढवून देतात किंवा विहिरीच्या पाण्याची पाळी ठरवून देतात. वाटणी असमान होते आणि त्यामुळेच फेअर होते. आमच्याकडे अशा वाटणीला ‘मन भरलं’ असा शेरा मिळाला की पंच पंगतीला बसत. आपल्या वर्गातल्या मुलांच्या घरी असे एखादे उदाहरण हमखास असेल; मात्र भाऊबंदकी ताजी असेल, तर वर्गात ते न काढणेच बरे.

प्रश्न : माझ्या मुलीच्या लग्नासाठी बायोडेटा तयार करताना तिच्या मामांनी ‘रंग’ या रकान्यात ‘फेअर’ असे लिहिले. मुलगी सावळी आहे. ‘इंग्रजीत लिहिले की चालते, त्यात बरेच काही बसते,’ असे त्यांचे म्हणणे. मुलीने कागद पाहिला आणि ‘हेच अनफेअर आहे’ म्हणून तो परत केला. इंग्रजी शब्दात खरेच बरेच काही बसते का?

उत्तर : बसते, आणि मामांची हातचलाखी त्यावरच चालली आहे. मराठीत गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा, काळासावळा अशा बारीक छटा सांगणारे शब्द आहेत आणि बघायला आलेल्या मंडळींना त्यांतला प्रत्येक शब्द नेमका कळतो. ‘फेअर’ लिहिले की या छटा पुसल्या जातात. गंमत म्हणजे इंग्लंडमधला माणूस एखादीला ‘फेअर’ म्हणतो तेव्हा अनेकदा तो तिच्या सोनेरी केसांविषयी बोलत असतो. जेथे घरोघर केस काळेभोर आहेत, तेथे त्या शब्दाला कातडीचाच आधार उरला.

वर मी म्हटले की हा शब्द खोट नसल्याचे सांगतो. वहीवर शाईचा डाग ही खोट आहे, आभाळात ढग ही निदान वाळवणाच्या दिवशी खोट आहे. पण सावळा रंग ही खोट कशी? शब्दाच्या या एका अर्थात जुना पूर्वग्रह शिरून बसला आहे आणि त्याची जाणीव आता बाजारालाही झाली आहे. १९७५ पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या ‘फेअर अँड लव्हली’ या क्रीमच्या नावातला ‘फेअर’ जुलै २०२० मध्ये काढून तेथे ‘ग्लो’ घातला गेला. ट्यूबमधली क्रीम किती बदलली हा प्रश्न वेगळा. शब्द अडचणीचा झाला होता, हे मात्र खरे. त्याच शब्दाच्या भाववाचक रूपाची तर इंग्रजी वर्तमानपत्रात रोज कसरत चालते. ‘फेअरनेस’ हा शब्द निवडणुकीच्या बातमीत निष्पक्षपणा होतो आणि पान उलटून जाहिरातीत गेला की गोरेपणा होतो.

आपण विचारलेले नाही, तरी सांगतो की, आपल्या मुलीने ‘अनफेअर’ हा शब्द अगदी अचूक वापरला आहे. बायोडेट्यात काय लिहावे, तर माझ्या मते तो रकानाच काढून टाकावा. शिक्षण, नोकरी, उंची, मामकुळ यांनी कागद भरतो. आणि मामांना रकाना हवाच असेल तर तेथे मराठीत ‘सावळा’ असे लिहावे. त्या शब्दात लाज वाटण्याजोगे काही असते, तर पंढरीच्या वाटेवर तो इतका गायला गेला नसता.

प्रश्न : मेळावा किंवा जत्रा या अर्थाचा ‘फेअर’, भाडे या अर्थाचा ‘फेअर’ आणि हे विशेषण यांचा एकमेकांशी काही संबंध आहे का? देवनागरीत तिन्ही सारखेच दिसतात.

उत्तर : संबंध नाही. जत्रा या अर्थाचे नाम लॅटिनमधल्या ‘फेरिया’ म्हणजे सणाचा दिवस या शब्दापासून, फ्रेंचमधून इंग्रजीत आले. इंग्रजीत त्याचे स्पेलिंग विशेषणासारखेच झाले, हा योगायोग. भाडे या अर्थाचा शब्द जुन्या इंग्रजीतल्या ‘प्रवास करणे’ या क्रियापदापासून आला असून त्याचे स्पेलिंग एफ-ए-आर-ई असे आहे. विशेषणाचे एफ-ए-आय-आर. उच्चार तिन्हींचा एकच. आपण सारंगखेड्याच्या जवळचे आहात, म्हणून उदाहरण तिथलेच देतो. दत्तजयंतीच्या सुमारास घोड्यांच्या बाजारासाठी गर्दी उसळली की जीपवाले भाडे वाढवतात. तेव्हा कोणी ‘सारंगखेड्याच्या फेअरचे फेअर फेअर आहे का?’ असे विचारले, तर इंग्रजी लिहिणाऱ्याला त्यात दोन स्पेलिंगे आणि तीन शब्द दिसतील. जीपवाल्याला मात्र ‘यात्रेचं भाडं वाजवी लावा भाऊ’ असे म्हटलेलेच कळेल.